सॅपर्सचे जुने बिल्ले जमवताना : आधी पाठ बघा, सफाई शेवटी

महूची छावणी जवळ असल्यामुळे इंदुरात जुने लष्करी बिल्ले अजूनही हाती लागतात. कधी बर्तन बाजारात मोडीच्या पितळेबरोबर, कधी रामबाग-नारायणबागेतल्या एखाद्या जुन्या घराच्या ट्रंकेत, कधी भंगारवाल्याच्या गोणीत. त्यातले लष्करी इंजिनिअरांचे, म्हणजे सॅपर्सचे, बिल्ले ओळखायला थोडे अवघड आणि बिघडवायला फार सोपे. बहुतेकांचे चुकते ते क्रमात. बिल्ला घरी आला की पहिल्या दहा मिनिटांत चिंच, लिंबू किंवा पीतांबरीने तो चकचकीत करतात, मग फोटो काढतात, मग विचारतात की हा खरा आहे का. तोवर उत्तर देणाऱ्या निम्म्या खुणा मोरीत वाहून गेलेल्या असतात. खाली दिलेला क्रम पाळा. एखादा टप्पा जमला नाही तर थांबा, पण पुढचा टप्पा आधी उरकू नका.

टप्पा १ : संग्रहाची हद्द ठरवा

"इंजिनिअरांचे सगळे बिल्ले" ही हद्द होत नाही. सुरुवातीला यांपैकी एकच निवडा:

- भारतीय सॅपर्सचे तीन गट: बंगाल (रुरकी), मद्रास (बंगळूर), बॉम्बे (खडकी, पुणे).
- ब्रिटिश रॉयल इंजिनिअर्स, राज्यकर्त्यांच्या क्रमाने.
- संस्थानी सॅपर्स.
- स्वातंत्र्यानंतरचे कोअर ऑफ इंजिनिअर्सचे, वापरातून गेलेले जुने नमुने.

मराठी संग्राहकाने बॉम्बे सॅपर्सपासून सुरुवात करावी असे आमचे मत आहे. महाराष्ट्रातली अनेक घरे या गटाशी जोडलेली आहेत, आणि खडकीला ताडून पाहण्यासारखे खरे नमुने आहेत. इंदूरहून पुणे एका रात्रीच्या प्रवासाचे. पुस्तकातल्या फोटोंपेक्षा खरा बिल्ला एकदा डोळ्यांनी नीट पाहिला तर नजर लवकर तयार होते. लष्करी संग्रहालयांत प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून आधी चौकशी करा आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. महूच्या इन्फंट्री म्युझियममध्ये भर पायदळावर आहे. तेही पाहावे, कारण कोणता बिल्ला सॅपर्सचा *नाही*, हे तिथे कळते.

टप्पा २ : हत्यारे आधी, खरेदी नंतर

एवढे सामान जवळ असल्याशिवाय पहिला बिल्ला विकत घेऊ नका:

- १० पटीचे सोनाराचे भिंग. त्याहून जास्त पटीच्या भिंगात एका वेळी फार थोडा भाग दिसतो आणि नवशिक्याचा गोंधळ उडतो.
- डिजिटल व्हर्नियर कॅलिपर. जबडे धातूचे असतील तर टोकांना कागदी टेप लावा, नाहीतर ओरखडे उठतात.
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा.
- लहान पण जोरदार चुंबक.
- एलईडी टॉर्च. प्रकाश समोरून नव्हे, जवळजवळ आडवा टाकायचा.
- कापडी बिल्ले घेणार असाल तर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च.
- नायट्राइलचे हातमोजे. सुती मोज्यांचे धागे बिल्ल्याच्या पाठीवरच्या, तो अडकवायच्या कड्यांत गुंततात.

टप्पा ३ : सनावळी पाठ करा

सॅपर्सच्या बिल्ल्यांवर पलटणीचे नाव बदलत गेले आहे. बिल्ल्यावरची अक्षरे आणि विक्रेत्याने सांगितलेला काळ जुळत नसेल तर पुढची तपासणी करायचीही गरज नाही. एवढे लक्षात ठेवा:

- १९०३ : तिन्ही गटांना क्रमांक. बंगाल १, मद्रास २, बॉम्बे ३. मद्रासच्या नावात 'क्वीन्स ओन' आधीपासून.
- १९०६ : बंगाल 'प्रिन्स ऑफ वेल्सेस ओन'; १९१० पासून 'किंग जॉर्जेस ओन'.
- १९११ : मद्रास 'क्वीन व्हिक्टोरियाज ओन'.
- १९२१ : बॉम्बे सॅपर्सना 'रॉयल' हा किताब.
- १९२३ : क्रमांक गेले, बंगाल-मद्रास-बॉम्बे ही नावे परत आली.
- १९३७ : बंगाल 'किंग जॉर्ज द फिफ्थ्स ओन'.
- १९४६ : रॉयल इंडियन इंजिनिअर्स.
- २६ जानेवारी १९५० : 'रॉयल' आणि मुकुट दोन्ही गेले, अशोकस्तंभाचे सिंह आले.

म्हणजे 'रॉयल बॉम्बे' असे लिहिलेला बिल्ला पहिल्या महायुद्धातला असूच शकत नाही. असा बिल्ला "फ्रान्सला गेलेल्या शिपायाचा" म्हणून कुणी दाखवला तर एक शक्यता आहे की शिपाई खरा, पण बिल्ला त्याच्या नंतरच्या नोकरीतला. दुसरी शक्यता तुम्हाला माहीत आहे. उलट, १९४७ नंतरही जवळजवळ अडीच वर्षे भारतीय सैन्याच्या बिल्ल्यांवर मुकुट होता, म्हणून "मुकुट आहे म्हणजे स्वातंत्र्याआधीचा" हा हिशेबही चुकतो. रॉयल इंडियन इंजिनिअर्सचा काळ चार वर्षांहून कमी, त्यामुळे खरे नमुने थोडे आणि नकलांना मागणी जास्त.

ब्रिटिश रॉयल इंजिनिअर्सच्या टोपीच्या बिल्ल्यावर मध्यभागी राजाची किंवा राणीची आद्याक्षरे असतात. त्यावरून काळ ठरतो: व्हिक्टोरिया १९०१ पर्यंत, सातवा एडवर्ड १९१० पर्यंत, पाचवा जॉर्ज जानेवारी १९३६ पर्यंत, सहावा जॉर्ज १९५२ पर्यंत, मग दुसरी एलिझाबेथ. आठवा एडवर्ड १९३६ मध्ये जेमतेम ११ महिने गादीवर होता. त्याच्या अक्षरांचा बिल्ला कुणी पुढे केला तर तो खोटा धरून चाला आणि खरेपणा सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्यावर टाका.

मुकुटाची तपासणी. राजाच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल वर जातात. राणी एलिझाबेथच्या मुकुटाच्या कमानी मधोमध, क्रुसाच्या खाली, आत दबलेल्या असतात. व्हिक्टोरियाचा मुकुटही मध्ये दबलेला, पण एकूण बसका आणि रुंद.

*सावधान :* २०२२ नंतर ब्रिटनमध्ये तिसऱ्या चार्ल्ससाठी घुमटाकार मुकुट परत आला आहे. नुसता घुमट पाहून "१९५२ पूर्वीचा" म्हणू नका, आधी आद्याक्षरे वाचा.

टप्पा ४ : सॅपर्सचाच आहे का, ते ठरवा

सर्वांत जास्त पैसे इथे बुडतात. ज्वाळा निघणारा हातगोळा, म्हणजे ग्रेनेड, दिसला की लोक तो सॅपर्सचा समजतात. हे चिन्ह अनेक दलांचे आहे.

१. *ज्वाळा मोजा.* रॉयल इंजिनिअर्सच्या ग्रेनेडला ९ ज्वाळा, रॉयल आर्टिलरीच्या ग्रेनेडला ७. दोघांच्याही बिल्ल्यांवर 'उबिक्वे' (Ubique) हे ब्रीद येते, त्यामुळे अक्षरांवर विसंबून चालत नाही. भिंगाखाली डावीकडून उजवीकडे मोजा, मग उलट मोजा. घासून गुळगुळीत झालेल्या बिल्ल्यावर दोन ज्वाळांची एक दिसते. पाठीकडून मोजले तर बहुधा आकडा स्पष्ट होतो.

२. *गोळ्यावर काय आहे ते पाहा.* गोळ्यावर घोडा असेल तर तो ग्रेनेडिअर्स पलटणीचा. त्यांचे केंद्र जबलपूरला आहे, म्हणून मध्य प्रदेशच्या बाजारात असे बिल्ले सॅपर्सच्या नावाने वारंवार विकायला येतात. बिल्ला खरा असू शकतो, नाव मात्र चुकीचे.

३. *सिग्नल्सशी, म्हणजे संदेशवहन दलाशी, गल्लत टाळा.* महूत टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगचे लष्करी महाविद्यालय आहे आणि त्याच्या नावातल्या 'इंजिनिअरिंग'मुळे सिग्नल्सचे बिल्ले इंजिनिअरांच्या डब्यात पडतात. सिग्नल्सचे दल १५ फेब्रुवारी १९११ ला वेगळे उभे राहिले, त्याआधी हे काम सॅपर्सच्याच तुकड्या करत. १९११ नंतरचा पंखधारी देवदूताचा बिल्ला सिग्नल्सचा, त्याची वेगळी नोंद ठेवा.

४. *'होळकर सॅपर्स' ऐकले की पुरावा मागा.* संस्थानांनी ब्रिटिश सरकारच्या मदतीसाठी फौजा ठेवायच्या, त्या इंपीरियल सर्व्हिस योजनेत सॅपर्सच्या तुकड्या दिल्या त्या मलेरकोटला, फरीदकोट, सिरमूर आणि टेहरी गढवाल या संस्थानांनी. इंदूर आणि ग्वाल्हेरकडून त्या योजनेत ट्रान्सपोर्टची, म्हणजे सामान वाहून नेणारी पथके होती. होळकरांच्या फौजेचा बिल्ला इंदूरकराला प्रिय असणारच. तो ट्रान्सपोर्टचा म्हणूनच जपावा. 'सॅपर्स' या नावावर जादा भाव देऊ नका.

कापडी खांदापट्ट्यांत एक साधी खूण आहे: रॉयल इंजिनिअर्सची अक्षरे लाल जमिनीवर निळी, रॉयल आर्टिलरीची निळ्या जमिनीवर लाल.

*इथे थांबून तपासा :* नाव, सन आणि मुकुट या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात का? एक जरी जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ५ : पाठ आधी वाचा

पुढच्या बाजूची नक्कल कुणीही करतो. पाठीची नक्कल करायला कौशल्य आणि खर्च लागतो, आणि स्वस्त नकला करणारे दोन्ही टाळतात. म्हणून ऑनलाइन खरेदीत विक्रेत्याकडून पाठीचा, कडेचा आणि कड्यांच्या बुंध्यांचा असे तीन फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवू नका. "पाठ साधीच आहे" हे उत्तर आले की व्यवहार तिथेच सोडा.

*ठशाचा की ओतीव?* कारखान्यातला बिल्ला पत्र्यावर डायने ठोकून काढत. त्यामुळे पुढे जो उंचवटा तिथे मागे खळगा दिसतो, रेषा स्वच्छ असतात आणि पत्रा सगळीकडे साधारण एकाच जाडीचा असतो. ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट किंवा दाणेदार असते. भिंगाखाली सुईच्या टोकाएवढी भोके, म्हणजे ओतकामातले हवेचे बुडबुडे, दिसतात. कापलेल्या जागांच्या आतल्या भिंती पाहा. ठशाच्या बिल्ल्यात त्या जागा वेगळ्या डायने कापलेल्या असल्याने भिंती सरळ असतात. ओतीव बिल्ल्यात तिथे कानशीच्या खुणा किंवा धातूचा पातळ पापुद्रा राहतो. रॉयल इंजिनिअर्सच्या बिल्ल्यात मधला भाग कापलेला आणि न कापलेला असे दोन्ही प्रकार खरे आहेत, म्हणून भोके नाहीत एवढ्यावरून तो खोटा ठरवू नका.

*माप आणि वजन.* खऱ्या बिल्ल्याचा साचा घेऊन पितळ ओतले की थंड होताना धातू दीड टक्क्याच्या आसपास आक्रसतो. ४० मिलिमीटरच्या बिल्ल्यात हा फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त येतो, आणि कॅलिपरला तो सहज कळतो. आकाराने लहान आणि वजनाने जास्त, असे दोन्ही एकत्र दिसले तर बिल्ला ओतीव समजा. ताडून पाहायला खऱ्या बिल्ल्याचे माप मात्र हवे, म्हणून संग्रहालयात किंवा जाणत्या संग्राहकाकडे पाहिलेल्या प्रत्येक खऱ्या नमुन्याची लांबी, रुंदी, जाडी जमेल तिथे वहीत टिपून ठेवा. काही वर्षांनी या वहीसारखा दुसरा आधार राहत नाही.

*अपवाद, आणि महत्त्वाचा :* हिंदुस्थानातल्या छावण्यांच्या बाजारांत कासारांनी, तांबटांनी पलटणीसाठी ओतलेले बिल्ले त्या काळीही वापरात होते. अशा बिल्ल्याचे ओतकाम खडबडीत असले तरी तो खरा असतो. आजच्या नकलेपासून तो वेगळा ओळखायचा तर झीज पाहा.

*झीज कशी वाचायची.* बराकीत रोज घासलेल्या बिल्ल्याचे उंचवटे आधी झिजतात: मुकुटाचे मणी, ज्वाळांची टोके, अक्षरांच्या वरच्या कडा. खळग्यांत तपशील टिकून राहतो आणि तिथे जुन्या पॉलिशचा सुकलेला पांढुरका थर असतो. पाठीवर आणि स्लायडरवर, म्हणजे टोपीच्या फटीत सरकवायच्या उभ्या पट्टीवर, टोपीच्या कापडाची घासट दिसते. खोट्या झिजेत उंचवटे आणि खळगे सारखेच बोथट असतात, आणि काळपटपणा सगळीकडे एकाच छटेचा. रसायनात बुडवून काळा केलेला बिल्ला आडव्या प्रकाशात लगेच उघडा पडतो.

*कड्या आणि स्लायडर.* जुन्या कड्या बहुधा तांब्याच्या गोल तारेच्या, आणि डाग, म्हणजे झाळून जोडलेला सांधा, नेटका, थोडक्यात आटोपलेला. डागाच्या भोवती राखाडी मऊ धातूचा गोळा दिसला तर तो अलीकडचा शिशाचा डाग. कडी पुन्हा बसवली म्हणून बिल्ला खोटा ठरत नाही, किंमत मात्र उतरते. स्लायडर एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी वापरात आली. मध्य-व्हिक्टोरियन म्हणून दाखवलेल्या बिल्ल्याला स्लायडर असेल तर दोहोंपैकी एक गोष्ट नंतरची आहे.

*कारखान्याचे नाव.* जे. आर. गॉण्ट, फर्मिन अशी नावे पाठीवर पाहून लोक निर्धास्त होतात. ही नावे नकली बिल्ल्यांवरही ठोकलेली मिळतात. मूळ डाय वापरून नंतर काढलेले बिल्लेही बाजारात आहेत, आणि त्यांचे माप व तपशील तंतोतंत जुळतो. तिथे स्लायडरची घडण आणि झीज यांवरच निर्णय घ्यावा लागतो. नाव हा एक मुद्दा आहे, निकाल नव्हे.

*चुंबक.* पितळ, तांबे, चांदी, ॲल्युमिनियम यांना चुंबक चिकटत नाही. बिल्ला चिकटला तर आत लोखंड आहे. फक्त पिन चिकटली तर घाबरू नका, ब्रूचची पिन पोलादाची असते.

कापडी बिल्ल्यांना अल्ट्राव्हायोलेट टॉर्च दाखवा. निळसर पांढरे चमकले तर दोरा किंवा कापड दुसऱ्या महायुद्धानंतरच्या रसायनांचे आहे, *किंवा* जुना बिल्ला कधीतरी डिटर्जंटमध्ये धुतलेला आहे. म्हणून चमकला की लगेच फेकू नका. न चमकणे ही मात्र चांगली खूण.

टप्पा ६ : घरातून मिळालेल्या वस्तू वेगळ्या करू नका

इंदूरच्या जुन्या कुटुंबांतून बिल्ला मिळतो तेव्हा बहुधा बरोबर पदके, नोकरीचे पुस्तक, एखादा फोटो, कधी पट्ट्याचे बक्कल असते. बिल्ला घेऊन बाकीचे परत करणे किंवा पदके सराफ्यात चांदीच्या भावाने जाऊ देणे, ही भरून न निघणारी हानी आहे. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि तुकडी ठोकलेली असते. हिंदुस्थानी सैनिकांना दिलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवरही नावे आढळतात. कडेवर सॅपर्स अँड मायनर्सची (तिन्ही गटांच्या तेव्हाच्या नावातली) आद्याक्षरे असतील तर त्या बिल्ल्याला जी साक्ष मिळते ती दुसरीकडे कुठे मिळत नाही. एखादे कुटुंब फक्त एकच वस्तू द्यायला तयार असेल तर उरलेल्यांचे फोटो घ्यायची परवानगी मागा, आणि पदके मोडीत देऊ नका एवढे नक्की सांगा.

घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती त्यांच्याच शब्दांत, तारखेसह, लिहून त्यांची सही घ्या. काका, आजी जे सांगतात त्यात तुमचा अंदाज मिसळू नका. तो वेगळ्या ओळीत लिहा.

टप्पा ७ : नोंद

सफाईच्या *आधी*. प्रत्येक बिल्ल्यासाठी:

१. अनुक्रमांक. बिल्ल्यावर कोरायचा किंवा शाईने लिहायचा नाही. सुती दोऱ्याने बांधलेल्या आम्लरहित कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा. रबरबँड कधीही नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.
२. चार फोटो: पुढचा, पाठीचा, कडेचा, आडव्या प्रकाशातला. प्रत्येकात मिलिमीटरची पट्टी.
३. लांबी, रुंदी, जाडी, वजन, चुंबकाचा निकाल.
४. पाठीची घडण: कड्या किती, आडव्या की उभ्या, स्लायडर, पिन, डागाचा रंग.
५. कुठून, केव्हा, कितीला मिळाला. बिल किंवा यूपीआयच्या नोंदीची प्रत.
६. खरेपणाबद्दल तुमचे मत आणि त्याची कारणे. "खरा" एवढेच लिहून ठेवले तर पाच वर्षांनी त्याचा उपयोग होत नाही.

टप्पा ८ : सफाई, आणि बहुतेक वेळा न केलेली बरी

धूळ मऊ ब्रशने झाडा. तेवढ्याने भागत असेल तर इथेच थांबा. पितळेवरचा एकसारखा तपकिरी काळपटपणा हे रक्षण आहे, मळ नव्हे.

धातू कोणता हे कळल्याशिवाय पाणीसुद्धा लावू नका:

*साधे पितळ, तांबूस पितळ.* कोमट डिस्टिल्ड पाणी, त्यात सौम्य साबणाचा एक थेंब, अगदी मऊ टूथब्रश. पुन्हा डिस्टिल्ड पाण्याने धुवून टिपून घ्या आणि हेअर ड्रायरच्या मंद वाऱ्याने, विशेषतः स्लायडरच्या मागची जागा, पूर्ण कोरडी करा. तिथे राहिलेले पाणी महिन्याभरात कळंक धरते. सुटा हिरवा कळंक बांबूच्या काडीने उचकटा, सुईने किंवा ब्लेडने नव्हे.

*सोन्याचा मुलामा असलेले अधिकाऱ्यांचे बिल्ले.* घासायचे नाहीतच. मुलाम्याचा थर इतका पातळ असतो की एकदाच पॉलिश लावले तरी उंचवट्यांवरचे पितळ उघडे पडते.

*काशाच्या रंगाचे सर्व्हिस ड्रेसचे बिल्ले.* हा गडद रंग मुद्दाम दिलेला असतो. ॲसिटोन किंवा पॉलिश लावले की तो जातो आणि परत येत नाही. "खाली सोनेरी निघाला" म्हणून आनंदाने फोटो पाठवणाऱ्यांचा बिल्ला त्या क्षणी निम्म्या किमतीचा झालेला असतो.

*ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम*, १९५० नंतरच्या दशकातले हलके सोनेरी बिल्ले. खाण्याचा सोडा आणि पॉलिश दोन्ही वर्ज्य.

*युद्धकाळातले प्लॅस्टिकचे बिल्ले.* दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी काढले. पाठीला वाकवायच्या दोन धातूच्या पट्ट्या असतात. त्या पुन्हा पुन्हा वाकवल्या की बुंध्याशी तुटतात, म्हणून जशा आहेत तशाच ठेवा. ॲसिटोनने हे प्लॅस्टिक विरघळते.

*जरीकाम आणि कापड.* धुवायचे नाही. कसर लागल्याची शंका असेल तर हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, मग पिशवी न उघडता एक दिवस खोलीत राहू द्या. आधी उघडली तर गार कापडावर हवेतला दमटपणा बसतो.

*सावधान : फिकट हिरवी भुकटी.* घट्ट गडद हिरवा थर आणि पोपटी, सुटी भुकटी यांत फरक आहे. भुकटी पुसली तरी काही दिवसांत त्याच जागी परत येत असेल तर धातूत क्लोराइड शिरले आहे आणि आतून खाणे चालू आहे. असा बिल्ला लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा, डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, आणि नंतर पूर्ण सुकवून सिलिका जेलबरोबर बंद डब्यात ठेवा. मीठ-लिंबाने सफाई केलेल्या बिल्ल्यांत हा रोग जास्त दिसतो, कारण मिठातून क्लोराइड आपणच आत घातलेले असते.

तुटलेली कडी सराफ्यात नेऊन डाग देऊन घेऊ नका. उष्णतेने मुलामा आणि जुना रंग दोन्ही जातात. तुटकी कडी चिठ्ठीसह छोट्या पाकिटात बिल्ल्याबरोबर ठेवा.

टप्पा ९ : ठेवण

इंदूरला मे महिन्यात पत्र्याचे कपाट तापते आणि जुलैपासून सप्टेंबरपर्यंत हवा दमट असते. दोन्ही ऋतू लक्षात घेऊनच जागा निवडा: बाहेरच्या भिंतीला न लागणारे, खालच्या मजल्यावरचे कपाट सगळ्यांत बरे. प्लॅस्टिकचे बिल्ले आणि गच्ची यांचा संबंध येऊ देऊ नका.

पीव्हीसीच्या मऊ पिशव्या वापरू नका. त्यातून सुटणाऱ्या वाफेने पितळावर चिकट हिरवा थर येतो. नाण्यांच्या स्वस्त अल्बमांत हेच प्लॅस्टिक असते. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे पाउच घ्या. प्लायवूड आणि एमडीएफच्या नव्या पेट्यांतून आम्लाची वाफ येते, लोकरी फेल्टमधल्या गंधकाने चांदी काळवंडते. पॉलिएथिलीन फोम सुरक्षित.

पाच लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्याला ५० ते १०० ग्रॅम सिलिका जेल पुरते. एक छोटा आर्द्रतामापक आत ठेवा आणि काटा ४० टक्क्यांच्या खाली राखा. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. दाणे बिल्ल्याला टेकू देऊ नका. डांबरगोळ्या कापडी बिल्ल्यांच्या डब्यातही नकोत, प्लॅस्टिकच्या बिल्ल्यांजवळ तर मुळीच नाहीत, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिके मऊ पडतात.

पितळी बिल्ल्यांवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्यायला हरकत नाही. मुलाम्याचे पापुद्रे सुटलेल्या बिल्ल्यावर नको.

टप्पा १० : देवाणघेवाण आणि कायदा

*परदेशी पाठवण्याआधी वय मोजा.* १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली १०० वर्षे पूर्ण झालेली वस्तू पुरावशेषात मोडते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे पहिल्या महायुद्धापर्यंतचे सगळे बिल्ले यात आले, आणि दरवर्षी एक वर्ष पुढचे येत जाणार. इंग्लंडच्या संग्राहकाशी अदलाबदल ठरवताना ही गोष्ट सुरुवातीलाच सांगा. त्याहून नव्या वस्तूबाबत शंका घेतली जाऊ शकते असे वाटले तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घेऊन मगच पाकीट टाका. पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो, हेही हौशी संग्राहकांतून हळूहळू विक्रेते होणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

*अंगावर घालू नका.* आपण सैनिक आहोत असे भासवण्याच्या हेतूने सैनिकाचा गणवेश किंवा चिन्ह वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे गुन्हा आहे. स्नेहसंमेलनात, नाटकात जुना बिल्ला लावायचा मोह होतो. त्यासाठी नक्कल वापरा. त्याने झीज आणि हरवण्याचा धोकाही टळतो.

*चालू वापरातले बिल्ले घेऊ नका*, कितीही स्वस्त मिळाले आणि महूहून आणणारा कितीही ओळखीचा असला तरी. संग्रह जुन्या, वापरातून गेलेल्या नमुन्यांचाच ठेवा.

*नक्कल विकताना किंवा देताना* पाठीवर, दिसेल अशा जागी, न पुसणारी खूण करा आणि नोंदवहीत तसे लिहा. मोबाइलवरच्या फोटोतही ती खूण दिसली पाहिजे, कारण पुढचा माणूस तुमचा बिल्ला नव्हे, तुमचा फोटो पाहून पैसे देणार असतो.